पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडतंय? थिनर बदलण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

जूनमध्ये येऊरकडून ढग उतरायला लागले की माझ्या फोनवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. कपाटाचं सागाच्या वीनियरचं शटर, त्यावर स्प्रे गनने नुकताच मारलेला लॅकर पॉलिशचा हात, म्हणजे थर, आणि कुणीतरी ताकाचं फडकं फिरवल्यासारखा वर पांढुरका पडदा. खाली प्रश्न ठरलेला: "दादा, थिनर खराब आला का?"

आला असेलही. पण थिनरचा डबा बदलून हा प्रश्न सुटल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. दोन दिवस बरं जातं, कारण पाऊस दोन दिवस उघडलेला असतो. मग परत तेच.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमचं फर्निचरचं काम चालतं. दोन सुतार, मी, आणि पॉलिशवाले मामा. मामा मूळचे चिपळूणकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापसाची गुंडाळी करून स्पिरिट आणि चपडीचं (लाखेचं) हातपॉलिश केलंय. गन आली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "शेठ, यात हात कुठे लागणार लाकडाला?" मी तेव्हा हसलो होतो. पुढे एकदा सगळा उलगडा त्यांनी शटरला लावलेल्या हातानेच झाला, ते खाली सांगतो.

पांढरं पडणं म्हणजे पॉलिशच्या थरात पाणी अडकणं. हे पाणी बाहेरच्या हवेतून येतं, नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेतून, नाहीतर लाकडातून. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की पहिलं दुखणं राहतंच आणि वर नवीन लागतं. हे नीट कळायला माझे तीन पावसाळे आणि एका गिऱ्हाइकाचा अख्खा वॉर्डरोब खर्ची पडला.

आधी डाग नीट बघा

घासायला घेण्याआधी शटर उजेडात तिरकं धरा.

हवेतल्या पाण्याने आलेला पांढरेपणा धुक्यासारखा असतो. त्याला कडा नसतात. हात मारल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, थर सुकायला लागला की डोळ्यांदेखत चढतो. त्या वेळी गाळ्यात मारलेली सगळी शटरं कमी-जास्त तशीच होतात.

कॉम्प्रेसरचं पाणी ठिपक्यांनी येतं. मोहरीएवढे पांढरे डाग, मध्येच एखादा फोड, कुठे बारीक खळगा. खूण म्हणजे सकाळची पहिली दोन-तीन शटरं स्वच्छ निघतात आणि कॉम्प्रेसर तापला की बिघाड सुरू होतो. मेकॅनिकला गाडी दाखवायला नेली की ती सुरळीत चालते ना, तसंच. कुणाला दाखवायला पहिलं शटर मारावं तर ते झकास निघतं.

लाकडातलं पाणी रेषांच्या बाजूने दिसतं, सागाच्या उघड्या छिद्रांत बसतं. आणि ते लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने.

हे सगळं लॅकर आणि मेलामाइन या दोन पॉलिशांबद्दल. पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशची, तऱ्हा निराळी. त्यातला हार्डनर (थर कडक करणारा घटक) पाण्याशी रासायनिक क्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणून पीयूवर पडद्यापेक्षा सुईच्या टोकाएवढे बुडबुडे जास्त दिसतात. हार्डनरचा डबा पावसाळ्यात झाकण सैल ठेवून दोन-तीन आठवडे सोडला तर तो आतल्या आत दाटतो, पुढे त्याची जेली होते. तसला हार्डनर थिनर घालून पातळ करून वापरणारे लोक मी पाहिलेत. करू नका.

हवेतलं पाणी: पाचने भागायचा हिशेब

स्टीलच्या पेल्यात गार पाणी ओतलं की पेल्याला बाहेरून घाम येतो. ज्या तापमानाला तो घाम धरायला लागतो त्याला दवबिंदू म्हणतात. शटरवरही हेच होतं, फक्त ते गार करायला बर्फ लागत नाही. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हातावर थिनर सांडलं की गार लागतं, तेच. ओला थर चार-पाच अंशांनी सहज उतरतो. तो दवबिंदूच्या खाली गेला की हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि वरचा थर मिटताना आत कोंडली जाते.

आता आकडे बघा. जानेवारीत दुपारी गाळ्यात २८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असते. दवबिंदू येतो १७ अंशांच्या जवळ. म्हणजे थर दहा अंश गार झाला तरी काही बिघडत नाही. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के. दवबिंदू २७. हातात अंतर उरलं तीन अंशांचं, आणि थिनर तर चार-पाच अंश उतरवतो. पांढरं पडणार नाही तर काय होणार?

आमच्या भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ आहे, काहीशे रुपयांत मिळतं. त्याच्यावरून हिशेब सोपा आहे: शंभरातून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला पाचने भागा. जो आकडा येईल तितके अंश तुमच्या हातात आहेत. ८५ टक्के असेल तर १५ भागिले ५, म्हणजे ३. अगदी काटेकोर सूत्र नाही, पण ५० टक्क्यांच्या वरच्या हवेत कामापुरतं बरोबर येतं. चारच्या वर असेल तर आम्ही नेहमीसारखं काम करतो. तीन ते चारमध्ये असेल तर रिटार्डर (उशिरा उडणारं थिनर, पुढे सांगतो) घालून पातळ हात मारतो. तीनच्या खाली गेलं की गन धुऊन ठेवतो.

पावसाळ्यात सकाळी हवा सर्वांत ओली असते. ऊन नसलं तरी दुपारी तापमान थोडं चढतं आणि आर्द्रता थोडी उतरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर आमचा स्प्रे दुपारी बारा ते चार. सकाळी घासकाम. मामांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या हिशेबी सकाळी पॉलिश आणि दुपारी झोप.

एक चूक जवळपास सगळेच करतात: लवकर सुकावं म्हणून ओल्या शटरवर पंखा सोडतात. पंख्याने थिनर आणखी जोरात उडतो, शटर आणखी गार होतं आणि पडदा दुप्पट वेगाने चढतो. दुसरं म्हणजे साधा घरगुती पंखा थिनरच्या वाफेत चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटते. हॅलोजनचे दिवे लावून सुकवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

थिनरबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्याचा थोडा दोष असतोच. सुटं, स्वस्त थिनर बहुतेकदा फार लवकर उडतं. त्यात मेथॅनॉलसारखे भराभर उडणारे घटक जास्त असतात. वासावरून कळत नाही. आम्ही आरशाच्या तुकड्यावर दोन थिनरचे चार-चार थेंब शेजारी टाकतो. जे आधी उडतं आणि जाताना आरशावर धुक्याचं कडं सोडतं, ते पावसाळ्यात लॅकरला वापरायचं नाही. गन धुवायला चालतं. परीक्षा फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते.

रिटार्डर म्हणजे उशिरा उडणारं थिनर. बहुधा ब्युटाइल सेलोसॉल्व्हच्या जातीचं असतं. ते १७० अंशांच्या आसपास उकळतं, तर ॲसिटोन ५६ अंशांनाच. थर जास्त वेळ ओला राहतो, हळू गार होतो, आणि बसलेलं पाणी निघून जायला वाट राहते. थिनरच्या पाच ते दहा टक्के पुरे.

पहिल्या पावसाळ्यात मला कुणीतरी "रिटार्डर घाला" एवढंच सांगितलं. पाच टक्क्यांनी फरक दिसला म्हणून मी दहा घातलं, मग वीस, मग अंदाजे. पडदा गेला! मी खूश. शटरं दोन दिवसांनी बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत चढवली. घोडबंदर रोडवर गिऱ्हाइकाच्या घरी रॅप सोडला तर सहा फुटी वॉर्डरोबवर वरपासून खालपर्यंत गोल गोल चकत्यांची नक्षी. थर वरून कोरडा होता, आतून मऊ. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे डिझाइन आपलं ठरलं नव्हतं ना?" सगळी शटरं परत आणून घासावी लागली. तेव्हापासून रिटार्डर मापाच्या भांड्यातून घातला जातो आणि जास्त घातलेल्या शटरला चार दिवस कशाचाही स्पर्श होत नाही.

कॉम्प्रेसर पाणी बनवतो

हे वाक्य मी मुलांना पहिल्या दिवशी सांगतो आणि त्यांना ती थट्टा वाटते. हिशेब करून बघा. जुलैतल्या ३० अंश, ८५ टक्के हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर ती हवा १०० पौंडांवर दाबतो, म्हणजे तिचं आकारमान जवळपास एक-अष्टमांश होतं. तेवढ्या जागेत ३० अंशांना चार ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही. उरलेल्या २२ ग्रॅमचं पाणी होतं. आमचा दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा देतो. तासभर सलग चालला तर १२ घनमीटर, म्हणजे पाव लिटर पाणी. रोज दुपारी एक मोठा पेला पाणी तुमच्या गनच्या दिशेने निघालेलं असतं.

दुसऱ्या पावसाळ्यात रिटार्डर बरोबर, वेळ बरोबर, तरी ठिपके. ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी वाटी, होता. कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवलेला, विकणाऱ्याने तसाच बसवून दिला होता. त्याची वाटी रोज कोरडी. आम्हाला वाटायचं, वा, हवा कोरडी आहे.

एका दुपारी बिडी ओढायला बाहेर जाताना मामांनी होज, म्हणजे गनकडे जाणारा लवचीक पाइप, ओलांडायला म्हणून उचलला आणि ते थांबले. कानाशी नेला. हलवला. "शेठ, पाइपाच्या पोटात पाणी वाजतंय."

टाकीतून निघणारी हवा गरम असते. गरम हवेतलं पाणी वाफ असतं आणि वाफ ट्रॅपमधून आरामात निघून जाते. पुढे होजमध्ये हवा निवते, तिथे तिचं पाणी होतं, होजच्या झोळात साचतं आणि साचता साचता एक घोट गनमधून शटरवर येतो. म्हणजे ट्रॅप कोरडा होता तो हवा कोरडी होती म्हणून नव्हे, तर तो चुकीच्या जागी होता म्हणून.

आम्ही मग कॉम्प्रेसरपासून भिंतीवर वर नेऊन आठ मीटर जीआय पाइप फिरवला, थोडा उतार देऊन. हवा निवायला तेवढं अंतर मिळालं. उताराच्या शेवटी पाइप सरळ खाली आणून तळाशी नळ बसवला, पाणी तिथे साचतं. गनसाठीची हवा मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने टी काढून घेतली, म्हणजे तळाने वाहणारं पाणी त्यात उतरत नाही. ट्रॅप आणि रेग्युलेटर त्याच्याही पुढे, होजच्या तोंडाशी. आता ट्रॅपची वाटी पावसाळ्यात दिवसातून दोनदा रिकामी करावी लागते. टाकीच्या पोटाखालचा नळ सकाळी आणि चहाच्या वेळी उघडायचा. पहिल्या दिवशी जे गंजलेलं पाणी निघालं त्याचा रंग चहाचाच होता.

पैसे वाचवायला पीव्हीसी पाइप लावू नका. दाबाच्या हवेने तो फुटतो आणि त्याचे तुकडे काचेसारखे उडतात.

तुमच्याकडे पाणी येतंय का ते बघायचं असेल तर कॉम्प्रेसर अर्धा तास चालवून तापवा, गनचा कप रिकामा आणि कोरडा करा, आणि आरशावर एक वीत अंतरावरून नुसती हवा मिनिटभर सोडा. आरशावर एक जरी थेंब दिसला तरी लाइन तपासा. पहिल्या पाच मिनिटांत ही परीक्षा घेऊ नका, पास होईल.

घोडबंदरची गार शटरं

तिसरा पावसाळा. परत घोडबंदर रोड, विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, चौदा शटरं, साइटवरच स्प्रे. (साइटवर स्प्रे करणं मी नंतर बंद केलं, कारण पुढे येईल.) हॉलमध्ये ३० अंश, ८४ टक्के. हिशेबाने हातात तीन अंशांना थोडं जास्त. रिटार्डर आठ टक्के, मोजून. हवा कोरडी, आरशावर तपासलेली. मी निर्धास्त.

पहिलं शटर अर्ध्या मिनिटात पांढरं. चढायलाही वेळ घेतला नाही, जणू मारतानाच पांढरं होतं. दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौथं स्वच्छ! पाचवं परत पांढरं.

तोच डबा, तीच गन, तोच हात, तीच खोली. मी गन सोडून खाली बसलो. मामा मात्र चौथं आणि पाचवं शटर शेजारी ठेवून दोन्हींवर पंजाची मागची बाजू फिरवत होते, ताप बघतात तशी. मग उरलेल्या थप्पीकडे गेले आणि तिथेही फिरवली.

"ही माठासारखी आहेत," ते म्हणाले.

शटरं बेडरूममध्ये रचली होती. घरातल्या काकूंनी चांगल्या मनाने तिथला एसी रात्रभर २२ वर चालू ठेवला होता, लाकूड फुगू नये म्हणून. चौथं शटर तेवढं जागा नव्हती म्हणून पॅसेजमध्ये उभं राहिलं होतं. बाकीची २३ अंशांची लाकडं आम्ही एक-एक करून २७ अंश दवबिंदूच्या हॉलमध्ये आणत होतो. फ्रिजमधून काढलेली बाटलीच ती. मी एका शटरवर बोट ओढलं तर सागावर बोटाची गडद रेघ उमटली. नजरेला न दिसणारं दव आधीच बसलेलं होतं आणि आम्ही त्याच्यावर लॅकर मारत होतो. रिटार्डर तिथे काय करणार?

इलाज म्हणजे थांबणं. शटरं हॉलमध्ये एकमेकांपासून सुटी उभी केली, कपड्याने कोरडी पुसली, तीन तास जाऊ दिले. काकूंनी तोवर पोहे केले. दुपारी उरलेली सगळी एकाही डागाशिवाय झाली.

हे शटरपुरतं नाही. लॅकरचा डबा रात्रभर गार फरशीवर राहिला असेल तर तोही गार असतो आणि गनमधून गारच निघतो. आम्ही डबे आता फळीवर ठेवतो. आणि लाकूड ज्या हवेत स्प्रे करायचं त्याच हवेत निदान तीन तास आधी आलं पाहिजे. घाई असेल तर लेझरवालं थर्मामीटर शटरवर धरून बघा. हवेपेक्षा दोन अंशही गार असेल तर चहा प्या.

साइटवरचा स्प्रे बंद केला तो आगीच्या भीतीने. त्याच दिवशी बेडरूमचा एसी कुणीतरी परत सुरू केला, शेजारच्या खोलीत स्वयंपाकाचा गॅस होता, आणि मध्ये फक्त एक प्लॅस्टिकचा पडदा. मला रात्री झोप लागली नाही. आता शटरं गाळ्यात येतात, भाडं पडलं तरी चालेल.

लाकडातलं पाणी, आणि पाणीच नसलेलं पांढरं

८५ टक्के आर्द्रतेत उघडं ठेवलेलं लाकूड महिन्याभरात १७ टक्क्यांच्या जवळ ओलावा धरतं. पॉलिशला आम्ही १२ च्या वर घेत नाही. मॉइश्चर मीटर नसेल तर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा फळीवर चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर लाकूड ओलं आहे. पाण्यातला स्टेन मारला असेल तर पावसाळ्यात तो वरून कोरडा वाटला तरी एक रात्र जाऊ द्या.

पण छिद्रांतलं पांढरं दर वेळी पाणी नसतं. सँडिंग सीलर (लॅकरच्या आधी मारायचा, घासून सपाट करायचा थर) ३२० च्या पॉलिश पेपरने घासला की त्याची पीठासारखी पूड होते. ती सागाच्या किंवा ओकच्या छिद्रांत बसते, आणि गडद स्टेनवर वरचा हात मारला की रांगोळी टाकल्यासारख्या रेघा उमटतात. हिवाळ्यातही दिसलं तर ती पूडच समजा. नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने झाडा, मग हवा मारा, मग थिनरने किंचित ओलं केलेलं फडकं. नुसत्या हवेने ती निघत नाही.

पडलं पांढरं, आता?

साधं नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर नशीब चांगलं. तो थर थिनरमध्ये परत विरघळतो. हवेतली आर्द्रता थोडी उतरायची वाट बघा, मग अर्धं रिटार्डर, अर्धं चांगलं थिनर करून एक अगदी हलका, धुक्यासारखा हात मारा. पडदा डोळ्यांसमोर विरतो. जोरात मारलात तर ओघळ येईल. चपडीचं हातपॉलिश असेल तर स्पिरिटने हेच होतं. नौपाड्यातल्या एका जुन्या वाड्याचं शोकेस मामांनी असंच कापसाच्या चार फेऱ्यांत परत उजळवलं.

मेलामाइन आणि पीयू एकदा पिकले की विरघळत नाहीत. मेलामाइनवर पडदा चढताना लगेच दिसला तर थोड्या वेळात रिटार्डरचा हलका हात कधीकधी वाचवतो. दुसऱ्या दिवशी नाही. मग ४०० ने घासून परत हात मारायचा. आत, सीलरच्या खाली पांढरं असेल तर लाकडापर्यंत उतरावं लागतं. तिथे टाळाटाळ करून वर दोन हात जास्त मारणाऱ्यांना पडदा जाड काचेतून दिसतो, एवढाच फरक.

जे पाण्यामुळे नाही

लोक पावसाळ्यात प्रत्येक दोष पावसावर ढकलतात, म्हणून थोडक्यात.

संत्र्याच्या सालीसारखा दाणा येत असेल तर माल जाड आहे किंवा हवा कमी पडतेय. फोर्ड कप बी-४ (माल किती दाट ते मोजायचा, तळाला भोक असलेला कप) मध्ये आमचा लॅकर १८ ते २२ सेकंदांत रिकामा होतो. हवा मोजताना गनचा ट्रिगर दाबून मोजा. भिंतीवरचा रेग्युलेटर ५० पौंड दाखवतो, आणि बारीक होजमुळे ट्रिगर दाबल्यावर गनपाशी ३० उरतात. आतून ८ मिलिमीटरचा होज घेतला तेव्हा आमचा निम्मा दाणा गेला. वरच्या हाताला १.४ चं नोझल, सीलरला १.८.

हात फिरवताना खरकट पडल्यासारखा खरखरीतपणा येतो तो गन लांब धरल्याने. माल वाटेतच सुकतो. एक वीत अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. आणि मनगट फिरवायचं नाही, खांद्यातून सगळा हात सरकवायचा. नवीन मुलाला आम्ही आधी आठवडाभर रद्दी पुठ्ठ्यावर पाणी आणि थोडा रंग भरून सराव देतो. मनगट वळलं की पट्टा मध्ये जाड आणि टोकांना पातळ येतो, पुठ्ठा लपवत नाही.

गोल खळगे पडून मधलं लाकूड उघडं राहिलं, तर ते सिलिकॉन किंवा तेल. एकदा आमच्याकडे दोन दिवस शोध चालला, आणि शेवटी तो निघाला एका पोराच्या केसांच्या तेलात. शटर उचलताना ते डोक्याला टेकवून न्यायचा.

मास्कबद्दल मी वाद घालत नाही. कार्बनच्या कार्ट्रिजवाला मास्क नसेल तर आमच्याकडे गन हातात मिळत नाही. पीयूच्या हार्डनरने दमा जडतो आणि एकदा जडला की तो माणूस त्या वासाजवळही उभा राहू शकत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल थिनर अडवत नाही.

आत्ता लिहिताना भिंतीवर २८ आणि ९१ आहे. नऊ भागिले पाच, दोनसुद्धा नाही. समोर सहा शटरं सीलर होऊन उभी आहेत आणि त्यांच्या मालकाचे सकाळपासून तीन फोन झालेत. मामा ड्रॉवरच्या आतल्या बाजू घासत बसलेत. गन धुऊन खुंटीला आहे.